राखण आणि शिकार : झाडीमंडळातील एका शब्दभेदाचे परीक्षण

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, ती भाषेच्या अभ्यासकाने सावकाश वाचण्यासारखी आहे. वन्य प्राण्यास ठार मारणे, विष घालणे, पकडणे, त्याचा पाठलाग करणे, त्यास फासात किंवा सापळ्यात अडकवणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे या सर्व क्रिया त्या एका संज्ञेत सामावल्या आहेत. पक्ष्याचे घरटे विस्कटणे हेही तीतच येते. पळवाट राहू नये म्हणून कायद्याला अशी व्यापक व्याख्या करावी लागते, हे उघड आहे. परंतु तिचा भाषिक परिणाम मोठा विलक्षण झाला. बंदूक घेऊन हौसेने रानात गेलेला मनुष्य, बिबट्यासाठी गावाबाहेर पिंजरा लावणारा वनरक्षक आणि कार्तिकातल्या थंडीत धानाच्या बांधीवर डबा बडवणारा कास्तकार हे तिघेही, शब्दार्थ काटेकोर धरला तर, एकच क्रिया करीत असतात. कोणतेही न्यायालय डबा वाजवणाऱ्यास शिकारी ठरवणार नाही, ही गोष्ट वेगळी. व्याख्येच्या अक्षरात मात्र तो सापडतो, आणि तो तेथे सापडावा याचे कारण कायद्यात नसून भाषांतरात आहे.

इंग्रजीतील मूळ क्रियापद जनावराला पुढे घालून चालवणे एवढेच सांगते. कोणत्या दिशेने चालवणे, हे त्यात नाही. मराठीत येथे दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘हाकणे’ म्हणजे आपल्याला हव्या त्या ठिकाणी नेणे. गाडी हाकतात, ढोरे हाकतात, आणि दबा धरून बसलेल्या बंदुकीच्या तोंडाशी सावज नेण्याच्या क्रियेलाही ‘हाका’ असेच नाव आहे. ‘हाकलणे’ म्हणजे आपल्यापासून दूर घालवणे. एका ‘ल’काराने क्रियेची दिशा उलटली आणि दिशेबरोबर हेतूही उलटला. कायद्याच्या निर्मात्यांसमोर हाक्याची शिकार होती; हाकलणारा शेतकरी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. तो नव्हता, ही या लेखापुरती महत्त्वाची गोष्ट होय. कारण हाच मनुष्य मराठीच्या वनविषयक ललित गद्यातही फारसा दिसत नाही, आणि ज्या भूमीवर हे गद्य मोठ्या प्रमाणात उभे आहे त्या भूमीवर तर तो पावलोपावली आहे.

ही भूमी म्हणजे आजचा गोंदिया जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. परंतु भाषेच्या दृष्टीने भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जे झाडीमंडळ होते त्याचाच तो अंश आहे. नागझिरा अभयारण्य १९७० मधील. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मधील. १२ डिसेंबर २०१३ रोजी दोन्हींना धरून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. रान, तलाव आणि धानाच्या बांध्या येथे एकमेकांत अशा गुंतल्या आहेत की कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे नकाशावर दाखवता आले तरी रानडुकराला ते मान्य नसते. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे ‘नागझिरा’ (१९७९) या रानातले आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचा फार मोठा भाग नवेगावबांधच्या परिसरात रुजलेला आहे. मराठी अरण्यवाङ्मयाची राजधानी कोठे, असे कोणी विचारले तर याच जिल्ह्याकडे बोट दाखवावे लागेल.

आता शब्दांकडे वळावे. जनावर मारण्याच्या आणि घालवण्याच्या क्रियांसाठी मराठीत दोन शब्दकुले आहेत आणि त्यांची वंशावळ सर्वस्वी भिन्न आहे. पहिल्या कुलात मृगया, पारध आणि शिकार हे तीन मुख्य शब्द येतात. ‘मृगया’ राजवाड्यातून आली आणि पुराणकथांतच राहिली. ‘शिकार’ फारसीतून आली; तिच्याबरोबर शिकारखाना आला, शिकारी आला, आणि पुढे इंग्रजी अमदानीत साहेबाच्या तोंडीही हाच शब्द बसला. ‘पारध’ मात्र जुनी, घरची. प्राकृतातील ‘पारद्धि’ हे तिचे पूर्वरूप; जैन संस्कृतात त्याचेच ‘पापर्द्धि’ असे रूप आढळते. हे रूप ध्वनिनियमापेक्षा नीतिविचाराने घडलेले दिसते: पापाची ऋद्धी ती पापर्द्धी. शब्दाची व्युत्पत्ती बसवता बसवता त्याला शिक्षा देण्याची ही रीत मोठी गमतीची खरी, पण तीमागची भावना मराठी परंपरेतही शिरली आहे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसाच्या उद्योगाचे वर्णन करताना जाळी, कुत्री, ससाणे घेऊन डोंगराकडे निघालेला पारधीच उपमेला येतो. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त शिकारी कुत्र्यांपासून सशाला अभय देणारे चक्रधर आहेत. या परंपरेत पारधी अपराधी, मृग निरपराध आणि त्यांच्यामध्ये उभा राहणारा संत. त्रिकोण पूर्ण आहे. मात्र त्यात पीक नाही. सशाने कोणाचे काही खाल्ले असेल, असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

दुसऱ्या कुलाला अशी भव्य परंपरा नाही. ‘राखण’ हा ‘रक्षण’ या संस्कृत शब्दाचा मराठी अवतार. झाडीबोलीत ‘ण’ नसल्यामुळे ती ‘राखन’ होते. या बोलीच्या अशा ध्वनिविशेषांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम गंभीरपणे वेधले ते डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी, हे येथे नोंदवले पाहिजे. राखणीचे रात्रीचे रूप म्हणजे ‘जागल’. जागणे या धातूपासून ती सिद्ध होते, आणि तिच्या अर्थात जनावराचा उल्लेखही नाही, शस्त्राचाही नाही. मनुष्य जागा आहे, एवढेच त्या शब्दाचे प्रतिपादन. विदर्भात ‘तो जागलीला गेला’ म्हटले की तो शेतावर रात्र काढणार हे सांगावे लागत नाही. जुन्या गावगाड्यात ‘जागल्या’ ही गावाच्या पहाऱ्याची वृत्तीच होती. या कुलाची साधनेही पाहावीत: मचाण, गोफण, बुजगावणे, डबा, शेकोटी, कुत्रे. यांतील गोफण सोडली तर एकही साधन जनावराच्या अंगाला लागत नाही. सारी साधने जनावराच्या कानाला, नाकाला आणि डोळ्याला उद्देशून आहेत. एका अर्थी ती संदेशवहनाची साधने आहेत. ‘येथे मनुष्य आहे’ एवढाच निरोप ती पोचवतात.

दोन्ही कुलांतील मूलभूत भेद असा सांगता येईल: पारधीत मनुष्य जनावराकडे जातो, राखणीत जनावर मनुष्याकडे येते. पहिल्या क्रियेला कथा असते, कारण प्रवासाला आरंभ, मध्य आणि अंत असतो. दुसरीला कथा नसते. धान निसवल्यापासून मळणी होईपर्यंतच्या रात्री एकीसारखी दुसरी असतात, आणि ज्या रात्री काहीही घडत नाही ती सर्वांत यशस्वी रात्र. वाङ्मयाच्या दृष्टीने हा मोठाच अडथळा होय. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीपुढे रंगतो. धान घरी येईपर्यंत ज्यांना शेत सोडून हलता येत नाही त्याच लोकांपुढे ही रंगभूमी उभी राहते, हे तिच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

इंग्रजी अमदानीत या दोन कुलांची सरमिसळ प्रथम राजरोस झाली. हिंस्र पशू मारणाऱ्यास सरकारी बक्षीस देण्याची पद्धत सुरू झाली आणि वाघ, बिबट, लांडगा, रानकुत्रा हे सारे शेतकऱ्याचे शत्रू म्हणून मोजले जाऊ लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जी मांडणी केली आहे तीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. शिकारीने राखणीचे नाव घेतले ते येथे. साहेब आणि संस्थानिक यांची करमणूक रयतेच्या संरक्षणाच्या सदरात जमा झाली. वास्तविक ज्या जनावरांनी धान आणि तूर फस्त होते ती रानडुकरे आणि चितळे वाघाचेच भक्ष्य. पण त्या काळच्या हिशेबात ही बाजू मांडली गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७२ च्या कायद्यानंतर, उलट दिशेने तितकीच मोठी घडामोड झाली आणि तिचे वाङ्मयीन प्रतिबिंब ‘नागझिरा’त स्पष्ट दिसते. माडगूळकर एके काळी बंदूक बाळगून रानात हिंडलेले लेखक. नागझिऱ्याच्या मुक्कामात त्यांच्या हाती बंदूक नाही. वही आहे, पेन्सिल आहे. शिकाऱ्याची सारी कौशल्ये, म्हणजे वारा ओळखणे, माग वाचणे, तासन् तास निश्चल बसणे, तशीच राहिली. फक्त अखेरची क्रिया गळाली. त्यामुळे त्यांच्या गद्याला एक अपूर्व ताण आला. वाक्य दबा धरून बसते आणि झडप न घालता संपते. मराठी गद्याला हा संयम पूर्वी ठाऊक नव्हता, आणि या पुस्तकाची थोरवी मान्य करण्यात कोणताही आडपडदा असू नये.

परंतु टीकेने येथे पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. शिकाऱ्याने शिकार सोडली. मग ‘शिकार’ हा शब्द कोठे गेला? तो मोकळा राहिला नाही. वाघाने तो घेतला. आजच्या निसर्गविषयक मराठीत ‘वाघाने शिकार केली’, ‘बिबट्या हा चपळ शिकारी आहे’ ही वाक्ये इतकी सहज झाली आहेत की त्यांतील लाक्षणिकता कोणाला जाणवतही नाही. ज्या शब्दात परवाना, हौस, पराक्रम आणि अपराध यांचे थर साचले होते तो शब्द भुकेच्या क्रियेला लावला गेला. यात प्राण्याचा गौरव झाला हे खरे. पण जंगलालगतच्या गावात कोणताही शेतकरी ‘वाघाने माझ्या बैलाची शिकार केली’ असे म्हणत नाही. ‘वाघाने बैल धरला’, ‘मारला’, ‘नेला’ असे तो म्हणतो. धरला, मारला, नेला या क्रियापदांत बैल कोणाचा तरी आहे. ‘शिकार’ म्हटले की तो निसर्गसाखळीतला एक दुवा होतो. एकाच घटनेची ही दोन वाक्ये दोन वेगवेगळ्या जागी उभी राहून बोललेली आहेत: एक मचाणावरून, दुसरे गोठ्यातून. मराठी अरण्यगद्य मचाणावरून लिहिले गेले, आणि नवल असे की मचाण हे मुळात राखणीचेच साधन.

माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीने एक पाऊल पुढे टाकले. ‘नागझिरा’नंतर तीनच वर्षांनी आलेल्या आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेल्या या छोट्या कादंबरीत माणसांना जवळजवळ जागाच नाही, वानरांच्या टोळ्या आणि त्यांच्यातील सत्तेचा झगडा हाच तिचा विषय. टोळीतल्या वानरांना नावे आहेत, स्वभाव आहेत, वैरे आहेत. ज्यांच्या घरावरची कौले वानरे दर आठवड्याला उलथतात आणि ज्यांच्या परसातली वांगी टिकत नाहीत अशा माणसांनाही वानराचे वैयक्तिक रूप ठाऊक असते. तेही ‘तो थोटा’, ‘ती पिल्लाची’ असेच ओळखतात. कादंबरीची दृष्टी आणि गावाची दृष्टी येथे एकमेकींच्या जितक्या जवळ येतात तितक्या अन्यत्र क्वचित् येतात. तरीही त्यांची भेट होत नाही. कारण कादंबरीच्या रचनेने कौलांना आणि वांग्यांना प्रथमपासूनच बाहेर ठेवले आहे. कलाकृतीला आपली चौकट निवडण्याचा अधिकार असतो. एकाच तऱ्हेची चौकट एका वाङ्मयप्रकाराने सातत्याने निवडली की मात्र तो अधिकार न राहता संकेत होतो, आणि संकेताचे परीक्षण करणे हे टीकेचे कामच आहे.

चितमपल्ली यांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. ते वनाधिकारी होते. पीकनुकसानीच्या तक्रारी ज्या टेबलावर येतात त्या खात्यात त्यांची नोकरी झाली. शिवाय त्यांची शब्दांविषयीची आस्था असाधारण. कोळी, ढिवर, गोंड, पारधी यांच्या तोंडून शब्द टिपावेत, त्यांची पारख करावी आणि मराठीच्या पदरात घालावेत हे काम त्यांनी आयुष्यभर केले. ‘शब्दांचं धन’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव त्यांच्या साऱ्या लेखनाला शोभेल. ज्याला भाषेच्या क्षेत्रात संग्राहक म्हणतात त्या कोटीत त्यांची गणना निःसंशय होते. कावळ्यांच्या रातनिवाऱ्यासाठी ‘काकागार’, बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ असे घाटदार शब्द त्यांनी रूढ केले. येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या काळात मराठीत कावळ्याच्या वस्तीला ‘आगार’ हे प्रतिष्ठेचे पद मिळत होते त्याच काळात कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा उपद्रवी प्राण्यांत मोडत होता. वटवाघूळ, उंदीर आणि घूस हे त्याचे सोबती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आली, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली आणि कावळ्याची त्या यादीतून सुटका झाली. साहित्याने त्याला आधीच सोडवले होते, असे कोणी म्हटल्यास ती अगदीच अतिशयोक्ती होणार नाही.

या शब्दसंग्रहाची दिशा मात्र तपासली पाहिजे. चितमपल्लींच्या लेखनात पाखरांच्या, झाडांच्या, ऋतूंच्या, मागांच्या शब्दांना जी समृद्धी आहे ती राखणीच्या शब्दांना नाही. त्यांना रान सांगणारे जाणकार बहुधा रानात जाणारे लोक होते: मासे धरणारे, मध काढणारे, माग काढणारे. बांधीवर बसून राहणारा, कोठेही न जाणारा मनुष्य जाणकार म्हणून समोर येत नाही. वास्तविक डुकराची सवय त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? कळप कोणत्या धुऱ्याने उतरतो, शेकोटीला किती रात्री भितो आणि कितव्या रात्रीपासून भीत नाही, कुत्रे कोणत्या आवाजात भुंकले तर डुक्कर आणि कोणत्या आवाजात भुंकले तर बिबट, हे ज्ञान पुस्तकात आले असते तर अरण्यवाचनाच्या त्या परंपरेला एक नवी शाखा फुटली असती. भाषेचे नुकसान शब्द मेल्याने होते तसे ते न टिपल्यानेही होते.

ललित गद्याने मोकळी ठेवलेली ही जागा प्रशासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीने भरून काढली, आणि ती कशी भरली ते पाहणे उद्बोधक आहे. वाघाने गुरे मारली किंवा मनुष्य मारला की गावाची मागणी एका ठराविक शब्दात येते: ‘वाघाचा बंदोबस्त करा.’ बंदोबस्त हा फारसी मूळचा शब्द; बांधणे आणि आवळणे हा त्याचा अर्थ, आणि महसुलापासून पोलिसांपर्यंत त्याने मराठीत मोठा संसार केला. या वाक्यात त्याचे मोल असे, की तो काय करावे हे सांगत नाही. मारा, पकडा, दूर न्या, कुंपण घाला, यांपैकी काहीही त्यात बसते. बोलणाऱ्याला मारण्याची मागणी करावयाची नसते आणि न मारण्याची हमीही द्यावयाची नसते. खात्याचे उत्तर येते तेही दुसऱ्या एका फारसी शब्दात: ‘वाघ जेरबंद.’ घोड्याने मान वर झुगारू नये म्हणून त्याच्या छातीखालून बांधावयाचा पट्टा तो जेरबंद. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो पिंजऱ्यातल्या वाघाला लागला. गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरी या परिसरांत १३ माणसांच्या मृत्यूशी ज्याचा संबंध जोडला गेला तो ‘सीटी–१’ नावाचा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या वडसा वनक्षेत्रात पकडला गेला, तेव्हाही हाच शब्द होता. त्याच्या नावातील पहिले अक्षर संघर्ष या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे. म्हणजे जनावराच्या नावातच आरोपपत्र. याउलट, यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारलेली वाघीण सरकारी कागदात ‘टी–१’ होती आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘अवनी’. अंक आणि अभिधान यांच्यातील हा सामना शहरातल्या वृत्तपत्रांत लढला गेला. त्या भागातल्या गावांत ती ‘वाघ’ होती; लिंगभेदसुद्धा तेथे बहुधा गौण. आणि रात्री तर ‘वाघ’ही नाही, ‘जनावर’. भयंकर प्राण्याचे नाव टाळण्याची ही रीत जगभर आढळते. रशियन भाषेत अस्वलाला ‘मध खाणारा’ या अर्थाचा शब्द रूढ होऊन मूळ नाव नष्ट झाले, हे तिचे सुपरिचित उदाहरण. मराठीत सापालाही रात्री ‘जनावर’च म्हणतात.

‘नरभक्षक’ या शब्दाविषयी थोडे. तो मथळ्यांत आहे, भाषणांत आहे, भाषांतरित शिकारकथांत तर आहेच. पण कायद्यात तो नाही. अकराव्या कलमात वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याविषयी ‘मानवी जीवितास धोकादायक झाला आहे’ एवढेच म्हटले आहे, आणि त्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नसेल तरच मारण्याची मुभा आहे. ‘नरभक्षक’ ही जात सांगणारी संज्ञा, ‘धोकादायक झाला आहे’ हे अवस्था सांगणारे विधेय. येथे कायद्याची भाषा लोकांच्या भाषेहून अधिक न्यायी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच कलमाच्या पुढल्या भागात इतर प्राण्यांविषयी उभ्या पिकासह मालमत्तेच्या नुकसानीचा विचार आहे. ‘उभे पीक’ हा शब्दप्रयोग कायद्यात आहे. पिकाजवळ उभा असलेला मनुष्य नाही.

या कलमाच्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत शेतकऱ्याच्या तक्रारीवरून परवाना देण्याची व्यवस्था केली. त्याच सुमारास केंद्राने बासष्टाव्या कलमाखाली बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना विशिष्ट क्षेत्रांपुरते उपद्रवी ठरवले. विदर्भातील ‘रोही’ आणि उत्तरेकडील ‘नीलगाय’ हे एकच जनावर. पण त्याच्या नावात ‘गाय’ असल्यामुळे उत्तरेत त्याच्याभोवती जो भावनेचा कोट आहे तो ‘रोही’भोवती नाही. शब्दाने जनावर वाचते याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. असो. परवान्याच्या व्यवस्थेतही भाषेने आपला जुना खोडा घातलाच: शेतकऱ्याने मागावयाची ती परवानगी शिकारीची. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या बंदूक नाही, ज्याचा सारा व्यवहार हाकलण्याचा, त्याला संरक्षण हवे असेल तर त्याने आधी शिकारी व्हावे किंवा शिकारी आणावा, असा त्याचा अर्थ होतो.

व्याकरणातील आणखी एक बारकावा या वादात फार बोलका आहे. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून मोकळ्या करण्यात आल्या. सरकारी भाषेत ते ‘संवर्धन स्थलांतर’. ही घटना खरी, नोंदलेली, जाहीर समारंभाने झालेली. परंतु ‘वाघ सोडला’ हे वाक्य गावोगावी तिच्याही पूर्वीपासून आहे. जुन्नरकडे बिबट्यांविषयी तेच ऐकू येते. ‘डुक्कर आले’ या वाक्याला कर्ता डुक्कर; त्यात कोणावर आरोप नाही. ‘वाघ सोडला’ म्हटले की वाघ कर्म होतो आणि कर्ता वाक्याबाहेर, बहुधा खाकी कपड्यांत, उभा राहतो. अफवा म्हणून ते वाक्य झटकून टाकणे अधिकाऱ्यांना सोपे वाटते, आणि वस्तुस्थितीपुरते ते अनेकदा बरोबरही असते. पण वाक्यरचना म्हणून ते जे सांगते ते अफवा नव्हे: हे जनावर आता कोणाच्या तरी मालकीचे आहे आणि त्याने केलेल्या नुकसानीचा जाब त्या मालकाला विचारता आला पाहिजे. ज्या दिवशी जनावर मारण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला त्या दिवसापासून गावाच्या व्याकरणात जनावर सरकारचे झाले. नागझिऱ्याच्या समारंभाने त्या जुन्या वाक्याला पुरावा तेवढा मिळवून दिला.

शेवटी, ज्याला अद्याप धड नावही पडलेले नाही अशा एका प्रकाराविषयी लिहिणे भाग आहे. शेताभोवती उघडी तार ओढून तीत विजेच्या खांबावरून चोरून प्रवाह सोडतात. डुक्कर मरावे हा हेतू. मरतो कधी वाघ, कधी पहाटे शेतावर आलेला शेजारी, कधी स्वतः तार लावणारा. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये उमरेड–कऱ्हांडल्याच्या रानात गेलेला ‘जय’ हा वाघ देशभर प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये नाहीसा झाला. त्याचा बछडा म्हणून ओळखला गेलेला ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात अशाच तारेने मेला आणि पुरलेला सापडला. सरकारी भाषा याला ‘विद्युत प्रवाहाने शिकार’ म्हणते. लोक म्हणतात, ‘करंट लावला.’ येथे ‘लावणे’ हे क्रियापद नीट पाहावे. फास लावतात, सापळा लावतात, वाघूर लावतात. संस्कृत ‘वागुरा’पासून आलेली ती डुकरांची जाळी पारध्याच्या सामानातली. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात पिकाचे रक्षण असले तरी त्याच्या क्रियापदाने तार राखणीच्या कुलात न घालता पारधीच्या कुलात घातली आहे, आणि भाषेचा हा निवाडा अचूक आहे. राखणीत मनुष्य जागा असतो आणि जनावराला तो असल्याचे कळवायचे असते. तारेचा सारा उपयोग जनावराला काही न कळण्यात आहे. जागलीला जाणारे हात कमी झाले, घरातली तरुण मुले नागपूरला आणि रायपूरला गेली, थंडीत मचाणावर बसायला कोणी उरले नाही, तेव्हा तार आली. ती लावून शेतकरी घरी जाऊन झोपतो.